दुसऱ्या शनिवारची लुपस ओपीडी: वर्षभराचा अनुभव

सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुण्याहून एक संधिवाततज्ज्ञ डॉक्टर येतात. माझी पत्नी वर्षभरापासून त्यांच्याकडे लुपसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजाराचे, उपचार घेत आहे. रुग्ण तपासण्याबरोबरच, आजार बळावण्याआधी रक्तात त्याची चाहूल कशातून लागते यावर त्या संशोधनही करतात. त्यामुळे या ओपीडीचे गुण आणि दोष दोन्ही नेहमीपेक्षा वेगळे आहेत.

आजाराचे नाव कळायलाच आमचे दीड वर्ष गेले होते. पत्नीच्या गालांवरील डाग वांग समजून इतरत्र मलमे दिली गेली आणि सोलापूरचे ऊन पाहता आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. या डॉक्टरांनी मात्र तिची खुर्ची खिडकीजवळ ओढली, नाकाच्या कडेवरून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बोटाने ताणली आणि तेवढी जागा डागातून सुटली आहे, हे मलाही वाकून पाहायला लावले. लुपसचा पुरळ बहुधा ही घडी सोडतो. गोऱ्या कातडीवर तो लाल दिसतो, तर सावळ्या कातडीवर जांभळट किंवा काळपट, म्हणून नजरेतून निसटतो. मग त्यांनी नडगीवर अंगठा दाबून सूज पाहिली आणि लघवीला फेस येतो का, ते विचारले. आमची जाडजूड फाईल उघडली ती त्यानंतर.

त्या फाईलमधील ‘एएनए पॉझिटिव्ह, 1:160’ या ओळीने आमची झोप उडवली होती. एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडे रक्तात आहेत का, हे पाहणारी तपासणी; 1:160 म्हणजे रक्तद्रव तितका पातळ करूनही ती सापडली. या पातळीवर ही तपासणी सुमारे 5 टक्के निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते, हे आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी अँटी-डीएसडीएनए (लुपसकडे अधिक नेमके बोट दाखवणारी प्रतिपिंडे), सी3, सी4 (आजार सक्रिय असताना बहुधा घटणारी रक्तातील प्रथिने) आणि लघवीतील प्रथिनांचे प्रमाण पाहून निदान पक्के केले. एएनए पुन्हा करायला सांगितली नाही, त्यामुळे खर्चही वाचला. लघवीची साधी तपासणी मात्र दर भेटीला होते, कारण मूत्रपिंडाला सुरुवातीला इजा झाली तरी दुखत काहीच नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या लुपसवरील नेहमीच्या औषधाची मात्रा वजन करूनच, किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आत ठरवली गेली आणि सुरुवातीलाच डोळ्यांचा पडदा तपासून घेण्यात आला.

संशोधनासाठी रक्ताची एक जादा नळी मागतात; नकार दिला तरी उपचारात फरक पडत नाही, असे त्या स्वतः सांगतात. माझी तक्रार संमतिपत्राविषयी आहे. ते चार पानी असून केवळ मराठी आणि इंग्रजीत आहे. अशोक चौकाकडून आलेल्या, विड्या वळणाऱ्या एका तेलुगू भाषक बाईंना नर्सने ते दोन मिनिटांत तोंडी उरकून सांगितले आणि सही कुठे करायची तेवढे बोटाने दाखवले. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजांत लुपस अधिक आढळतो आणि अधिक तीव्र असतो, तज्ज्ञांपासूनचे अंतरही तिथे नडते, हे डॉक्टरांनीच आम्हाला सांगितले होते. मग तोच निकष स्वतःच्या ओपीडीलाही लावायला हवा. वर्षभरात पारधी वस्तीतून आलेली एकच बाई मला इथे दिसली, तीही पुढच्या खेपेला आली नाही. 900 रुपये फी, तपासण्यांचा वेगळा खर्च आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज केली की तिच्या न येण्याचे नवल वाटत नाही.

रक्ताचे नमुने पुण्याला जातात, त्यामुळे रिपोर्टला चार-पाच दिवस लागतात. तो मोबाईलवर वेळेत मिळतो. नंबर सकाळी साडेसातला लागतो आणि नऊनंतर गेल्यास दुपारचे तीन वाजतात. प्रतीक्षागृहाच्या पश्चिमेकडील खिडकीला पडदा नाही. ऊन टाळा असे ज्यांना बजावले जाते, तेच रुग्ण तिथे उन्हात बसतात. स्वागतकक्षात दोनदा सांगूनही पडदा लागला नाही, तेव्हा मे महिन्यात आम्ही आत बाकावर छत्री उघडून बसलो.