पॉइंट्सवर चालणारे सुट्टीचे सदस्यत्व : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

२०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पती-पत्नींनी एका रिसॉर्ट कंपनीचे दहा वर्षांचे, पॉइंट्सवर आधारित सदस्यत्व घेतले. यात दर वर्षी ठरावीक पॉइंट्स मिळतात, आणि ते खर्च करून कंपनीच्या रिसॉर्टमधील खोल्या आरक्षित करायच्या असतात. या चौदा महिन्यांत त्यावर तीन सहली झाल्या, एक ठरवलेली सहल झाली नाही, आणि दुसऱ्या वर्षाचे देखभाल शुल्कही भरून झाले. गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने अशाच एका योजनेचे माहितीपत्रक मला पाठवून ‘काका, घेऊ का?’ असे विचारले. त्याला उत्तर देण्यासाठी मी माझा सगळा हिशेब पुन्हा मांडला, तोच येथे देत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे जे येईल ते एका कंपनीच्या चांगुलपणाचे किंवा लबाडीचे वर्णन नसून या प्रकारच्या योजनेच्या रचनेचे आहे.

खरेदी कशी झाली ते आधी सांगितले पाहिजे. एका मॉलमध्ये भरलेल्या कुपनावरून दूरध्वनी आला, तीन रात्रींची मोफत सहल मिळाल्याचे सांगण्यात आले, आणि ती घेण्यासाठी पती-पत्नी दोघांनीही हॉटेलातील सादरीकरणाला यावे अशी अट होती. सादरीकरण एक तासाचे म्हणून सांगितले होते, ते साडेतीन तास चालले. प्रत्येक टेबलावर एक तरुण प्रतिनिधी होता. आमच्या टेबलावरील मुलगा नम्र होता, आम्हाला काका-काकू म्हणत होता, आणि त्याने कागदावर एकच भागाकार करून दाखवला: वर्षाला १,००० पॉइंट्स, एका रात्रीला ६० पॉइंट्स, म्हणजे वर्षाला १६ रात्री. शेवटी व्यवस्थापक आले आणि जाहीर किमतीतून मोठी सूट देऊन ३,००,००० रुपये हा आकडा सांगितला, मात्र तो त्याच संध्याकाळपुरता होता. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४,००० रुपये झाले. मी बँकेत तेहतीस वर्षे कर्जप्रकरणे तपासली आहेत, आणि तरीही त्या संध्याकाळी पॉइंट्सचा पूर्ण तक्ता मागितला नाही. या सगळ्या व्यवहारातील माझी सर्वांत मोठी चूक तीच होय.

तो तक्ता नंतर हाती आला. आमच्या योजनेत सर्वांत लहान खोलीसाठी, म्हणजे स्टुडिओसाठी, कमी गर्दीच्या हंगामात आठवड्यातील साध्या रात्रीला ६० आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्रीला ९० पॉइंट्स लागतात. मध्यम हंगामात हेच आकडे ९० आणि १३० होतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांचा समावेश असलेल्या गर्दीच्या हंगामात ते १५० आणि २१० होतात. म्हणजे मे महिन्यात सलग एक आठवडा राहायचे ठरवले, तर पाच साध्या रात्रींचे ७५० आणि शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्रींचे ४२०, असे १,१७० पॉइंट्स लागतात, आणि वर्षाचे आमचे एकूण पॉइंट्सच १,००० आहेत. सादरीकरणातील १६ रात्री खोट्या नव्हत्या. त्या पावसाळ्यातल्या सोमवार ते गुरुवारच्या, सर्वांत लहान खोलीतल्या रात्री होत्या, एवढेच त्या मुलाने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

अशा सुट्टीच्या सदस्यत्वांना टाईमशेअर म्हणतात, आणि त्याची मूळ कल्पना याहून सोपी होती. एखाद्या ठिकाणच्या एका सदनिकेतील वर्षाचा एक ठरावीक आठवडा विकत घ्यायचा, आणि तो आपला. त्यात लवचीकता नव्हती, पण तो आठवडा दुसऱ्याला जाऊ शकत नसे. पॉइंट्सची पद्धतही काही नवी नाही. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही अशाच सुट्टी-सदस्यत्वाची संस्था १९६३ साली स्थापन झाली, आणि डिस्नेने १९९१ मध्ये आपली सुट्टी-योजना पॉइंट्सवरच सुरू केली. या पद्धतीत कोणतेही ठिकाण, कोणतीही तारीख, कोणतीही खोली निवडण्याची मुभा असते आणि ती खरी सोय आहे. परंतु आपल्याकडे सर्वांच्या मुलांच्या शाळा एकाच वेळी बंद होत असल्यामुळे ही मुभा सर्व सदस्य एकाच वेळी वापरतात. ठरावीक आठवडा विकत घेणाऱ्याकडे खोली असते, आणि पॉइंट्स विकत घेणाऱ्याकडे खोली मागण्याचा हक्क असतो. हा फरक मला दिवाळीत समजला.

पहिली सहल जुलैच्या मध्यात महाबळेश्वरची झाली. सोमवार ते गुरुवार, तीन रात्री, १८० पॉइंट्स. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या त्या गावात जुलैमध्ये जाणे म्हणजे काय, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. आर्थर सीटवर धुक्यापलीकडे काहीच दिसले नाही, वेण्णा तलावावरील नौकाविहार बंद होता, आणि आम्ही बहुतेक वेळ खोलीत पुस्तके वाचत बसलो. मला स्वतःला ते आवडले. खोली स्वच्छ होती, छोटे स्वयंपाकघर नीट चालत होते, आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना पत्नीने केलेले पिठले-भात खाणे हा अनुभव कोणत्याही हॉटेलच्या खोलीत मिळाला नसता. पण नातवंडांना घेऊन तेथे जाता आले नसते, आणि त्यांच्यासाठीच तर हे सदस्यत्व घेतले होते.

दिवाळीची गोष्ट वेगळी. २०२४ची दिवाळी ३१ ऑक्टोबरच्या आसपास होती, आणि आमच्या योजनेत आरक्षण मुक्कामाच्या १२० दिवस आधी उघडते. म्हणून मी ३ जुलैला सकाळी नऊच्या ठोक्याला संकेतस्थळावर गोव्यासाठी चार रात्री शोधल्या. ७२० पॉइंट्स खर्च करायची तयारी होती. खोली नव्हती. काही मिनिटांत संपली की आधीपासूनच नव्हती, हे मला कोणी सांगू शकले नाही. प्रतीक्षायादीत नाव घातले, पाच वेळा दूरध्वनी केला, आणि दर वेळी केरळ किंवा राजस्थानातील दुसरी ठिकाणे सुचवण्यात आली. त्याच तारखांना त्याच रिसॉर्टमधील खोल्या हॉटेल आरक्षणाच्या एका संकेतस्थळावर रोख पैशांत मिळत होत्या, हे मला ऑगस्टमध्ये दिसले. त्याचे मला मनापासून वाईट वाटले. सदस्यांसाठी किती खोल्या राखून ठेवल्या जातात आणि किती बाहेर विकल्या जातात, याचे प्रमाण आमच्या करारात कोठेही लिहिलेले नाही. शेवटी आम्ही मुलीच्या कुटुंबासह तारकर्लीला एका घरगुती निवासात राहिलो. माशांचे जेवण आणि सोलकढी उत्तम होती, पैसे मात्र वेगळे भरावे लागले.

जानेवारीतील कूर्गची सहल या सर्वांत चांगली ठरली. १९ तारखेच्या रविवारी पोहोचून गुरुवारी निघालो, मध्यम हंगामातील चार साध्या रात्रींचे ३६० पॉइंट्स लागले, आणि आरक्षण पहिल्याच प्रयत्नात मिळाले. कॉफीच्या मळ्यातून सकाळची फेरी, मडिकेरीपासून तलकावेरीपर्यंतचा रस्ता, थंड हवा, आणि शांतता. रिसॉर्टमधील कर्मचाऱ्यांची आपुलकी खरी होती. गुडघ्याच्या दुखण्यामुळे पत्नीला तळमजल्यावरची खोली हवी होती, ती न कुरकुरता बदलून दिली. निवृत्त जोडप्याला शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नसते, त्यामुळे अशा योजनेचा खरा उपयोग आमच्यासारख्यांनाच होऊ शकतो, असे मला तेथे वाटले आणि आजही वाटते.

मे महिन्यात ४६० पॉइंट्स शिल्लक होते. त्यातून उटीच्या तीन साध्या रात्री मिळाल्या, १२ ते १५ मे, ४५० पॉइंट्स. स्टुडिओमध्ये दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले एवढ्यांनाच परवानगी असल्याने मुलगी आणि जावई यांनी दुसरी खोली पैसे भरून घेतली. प्रवासाचा खर्च कोणत्याही योजनेत धरलेला नसतो, हे उघड असूनही विसरले जाते. पुण्याहून विमानाने कोईमतूर, तेथून गाडी, शिवाय मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उटीला जाणाऱ्या वाहनांना घ्यावा लागणारा ई-पास, हे सर्व आपले आपण करायचे. रिसॉर्ट गावापासून सात किलोमीटर दूर होते, म्हणून दोन वेळचे जेवण तेथील उपाहारगृहातच झाले, आणि तीन दिवसांचे जेवणाचे बिल मुक्कामापेक्षा फार कमी नव्हते. नातवंडांनी निलगिरीची छोटी आगगाडी पाहिली, दात्यांच्या रुळावरून ती चढ कशी चढते हे आजोबांकडून तीन वेळा ऐकले, आणि ती खूश होती.

आता हिशेब. पहिल्या वर्षी ९९० पॉइंट्स वापरून आम्ही १० रात्री राहिलो. ३,५४,००० रुपये नुसते दहाने भागणे बरोबर नाही, कारण ही रक्कम एकदम गेली आहे. ती ७ टक्के व्याजाने ठेवली असती, तर दहा वर्षे दर वर्षअखेर सुमारे ५०,४०० रुपये काढून खाते शून्यावर आले असते. त्यात वार्षिक देखभाल शुल्क करासह २१,२४० रुपये मिळवले, की पहिल्या वर्षाचा खरा खर्च ७१,६४० रुपये होतो आणि एका पॉइंटला सुमारे ७१ रुपये ६४ पैसे पडतात. त्या भावाने महाबळेश्वरची एक रात्र सुमारे ४,३०० रुपयांना, कूर्गची ६,४५० रुपयांना आणि उटीची १०,७५० रुपयांना पडली. त्या त्या वेळी त्याच रिसॉर्टमधील तशाच खोलीचा बाहेरचा भाव, कर आणि सकाळची न्याहारी धरून, मी वहीत लिहून ठेवला होता. तो अनुक्रमे ३,९००, ६,२०० आणि १०,५०० रुपये होता. दहा रात्रींचे बाहेरचे एकूण ६८,००० रुपये. म्हणजे जवळजवळ सर्व पॉइंट्स वापरूनही आम्ही साडेतीन हजारांहून थोडे अधिक मोजले, आणि न्याहारीचे पैसे वेगळे दिले.

नुकसान मोठे नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ज्याला वर्षातून दहा दिवस बाहेर पडायचेच आहे, त्याची यात फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. परंतु दहा वर्षांचे पैसे आगाऊ देणाऱ्याला काही तरी स्वस्त मिळायला हवे, ते मिळालेले नाही. आणि हा जवळजवळ बरोबरीचा हिशेब सगळे पॉइंट्स वापरले तरच जमतो. आजारपण, लग्नकार्य किंवा परीक्षा यांमुळे एका वर्षी ४०० पॉइंट्स राहून गेले, तर त्यांची किंमत २८,००० रुपयांहून अधिक होते. न वापरलेले पॉइंट्स आमच्या योजनेत एकच वर्ष पुढे नेता येतात. परदेशातील रिसॉर्टशी अदलाबदल करण्याची सोय आहे, पण प्रत्येक अदलाबदलीला वेगळे शुल्क असते, ते वरच्या हिशेबात धरलेले नाही.

देखभाल शुल्काकडे खरेदीच्या वेळी कोणी नीट पाहत नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ त्याच कलमावर द्यावा. दुसऱ्या वर्षी आमचे शुल्क ६ टक्क्यांनी वाढून २२,५१४ रुपये झाले. दर वर्षी एवढीच वाढ झाली तर दहाव्या वर्षी ते सुमारे ३५,९०० रुपये होईल, आणि दहा वर्षांची बेरीज २,८०,००० रुपयांच्या घरात जाईल. म्हणजे सदस्यत्व ३ लाखांचे नव्हतेच, ते करासह सव्वासहा लाखांहून अधिक रकमेचे होते. आणि एखाद्या वर्षी कोठेही गेलो नाही, तरी शुल्क भरावेच लागते. ते थकवले तर आरक्षण बंद होते.

करारातील माघार घेण्याच्या मुदतीबद्दलही लिहिले पाहिजे. युरोपीय संघात टाईमशेअरच्या करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे टाईमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे कंपनी करारात जी मुदत देईल तीच. आमच्या करारात ती सही केल्यापासून १० दिवसांची होती, आणि संपूर्ण अटींची पुस्तिका आमच्या हाती बाराव्या दिवशी आली. मी लेखी हरकत नोंदवली, उत्तर नम्र होते आणि नकाराचे होते. वाद झाल्यास दुसऱ्या राज्यातील शहरात लवादापुढे जावे, असेही एक कलम आहे. अशा कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी अजून तक्रार केलेली नाही, पण कागदपत्रे तारखेनुसार लावून ठेवली आहेत.

पुतण्याला दोन शाळकरी मुले आहेत, दोघे नवरा-बायको नोकरी करतात, आणि त्यांना सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात. त्याच्यासाठी माझे उत्तर ‘घेऊ नकोस’ असे आहे, कारण त्याला हव्या असलेल्या रात्री सर्वांत महाग आहेत आणि सर्वांत कमी मिळतात. तरीही मन होत असेल, तर सही करण्यापूर्वी पूर्ण तक्ता आणि अटींची पुस्तिका घरी आणून वाचावी, एखाद्या जुन्या सदस्याला समोर बसवून येत्या दिवाळीची एक खोली शोधून पाहावी, आणि देखभाल शुल्काच्या वाढीवर मर्यादा आहे का हे कराराच्या मजकुरातच पाहावे, असे त्याला मी लिहिले. जुने सदस्यत्व हस्तांतरित करून घेता आले तर तेही तपासावे, कारण बाहेर पडू पाहणारे सदस्य मूळ किमतीपेक्षा बरेच कमी मागतात. ही गोष्ट विकत घेणाऱ्याला सोयीची आहे, आणि पुढे विकावे लागेल तेव्हा तीच अडचणीची ठरेल.

आमचे दोघांचे म्हणाल, तर पैसे गेले आहेत आणि आता प्रश्न ते नीट वापरण्याचा आहे. या वर्षी जुलैचे महाबळेश्वर टाळले, आणि फेब्रुवारीत मुन्नारच्या पाच साध्या रात्री ठरवण्याचा विचार आहे. त्याला ४५० पॉइंट्स लागतील. गेल्या वर्षीचे १० धरून उरलेले ५६० नातवंडांसाठी ठेवायचे, आणि त्यात मे महिन्यातल्या तीनच साध्या रात्री बसतात. ११ मे २०२६ हा सोमवार आहे, त्याचे आरक्षण ११ जानेवारीला सकाळी नऊ वाजता उघडेल, आणि ती तारीख पत्नीने नव्या दिनदर्शिकेची वाट न पाहता आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.