‘गोलपिठा’ वाचनकट्ट्यावर घ्यायचा असेल तर

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 सालचा, दलित पँथर ही संघटना उभी राहिली त्याच वर्षीचा. नाव मुंबईतल्या वस्तीचं, कामाठीपुरा आणि फॉकलंड रोडच्या परिसरातलं. ढसाळ तिथंच वाढले, पुढे टॅक्सीही चालवली. त्यामुळे या कवितांतली गरिबी कुणी लांबून पाहून हळहळलेली नाही. संग्रह घ्यावाच. मात्र जळगाव-धुळ्याकडच्या कट्ट्यावर तो मोठ्यानं वाचायचा असेल, तर थोडी तयारी हवी.

आपला कान बहिणाबाईंच्या ओवीवर तयार झालेला. तिथं दुःखाला ठेका असतो, म्हणून ते सोसवतं. ढसाळ हा आधारच काढून घेतात. ओळी लांबच लांब, विरामचिन्हं थोडी, आणि एकाच दमात शिवी, बंबईया हिंदी आणि भारदस्त संस्कृत शब्द. सूर लावला की कविता मोडते, ओरडून म्हटली की तिचं भाषण होतं. वाचणाऱ्यानं आदल्या दिवशी पेन्सिलीनं श्वासाच्या जागा खुणावून ठेवाव्यात आणि पट्टी बोलण्याचीच ठेवावी. शिव्या गाळू नयेत, ओळीचा तोल त्यांच्यावर असतो. श्रोत्यांत संकोच होणार असेल तर ती कविता सोडून दुसरी घ्यावी, पण सोवळी करून वाचू नये.

सुरुवात ‘त्यांची सनातन दया’नं करावी. दया दाखवणाऱ्यांची उंची फॉकलंड रोडवरच्या दलालापेक्षा जास्त नाही, असं ती तोंडावर सांगते. कणव घेऊन आलेल्या श्रोत्याला हे पहिल्याच कवितेत कळलेलं बरं. मग ‘माणसाने’. हिच्याबाबत हमखास एक घोटाळा होतो. जाळपोळ, लूट, शिवीगाळ यांची यादी असलेला पहिला भाग टाळ्या घेतो, म्हणून तेवढाच वाचतात. कविता मात्र शेवटी वळते: हे सगळं झाल्यावर उरलेल्यांनी कुणाला गुलाम करू नये, तीळसुद्धा वाटून खावा, माणसाचं गाणं गावं. तो भाग तोडला की उरते ती नुसती आरडाओरड. वेळ कमी असेल तर दुसरी कविता कापा, ही नको.

‘मंदाकिनी पाटील’ शेवटी घ्यावी, आणि नंतर चर्चेला अर्धा तास तरी मोकळा ठेवावा. एका तरुण वेश्येवरचं हे कोलाज अंगावर येतं, पण मंदाकिनी स्वतः किती बोलते आणि कवी तिच्या वतीनं किती बोलतो, हा प्रश्न कट्ट्यावरच्या बायका विचारतील. विचारावाच. संग्रहाची कच्ची बाजू तीच.

शब्द अडतील. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून उपयोग नाही, 1857च्या कोशात ही बोली कुठून येणार? प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही शब्द अडले होते, त्यांनी ते ढसाळांना विचारून घेतले. म्हणून प्रस्तावना आधी वाचावी. इंग्रजी येत असेल तर दिलीप चित्रेंची भाषांतरं (2007) शेजारी ठेवावीत, अडलेली ओळ बऱ्याचदा तिथं सुटते. तरीही प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसू नये. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला छापील मराठी आणि घरची बोली यांतलं अंतर कुणी शिकवावं लागत नाही, तो यातून लवकर वाट काढतो.

पहिल्याच बैठकीत लोक बिथरतील अशी भीती असेल, तर आधी नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ (1966) घ्या. सुर्व्यांचा कामगार फाटका असला तरी त्याला गिरणीतली पाळी आहे, भोंगा आहे, मोर्चा आहे. प्रताप मिलच्या अमळनेरात ही गरिबी ओळखीची वाटते. ढसाळांची माणसं त्याही खाली आहेत. त्यांना ना हजेरीपट, ना युनियन. दोन्ही पुस्तकं लागोपाठच्या महिन्यांत झाली, तर एकाच शहरातले हे दोन मजले श्रोत्यांना आपोआप दिसतात.