मास्टर्स गेम्सला जाऊन आले, जाणार असाल तर हे वाचा

पन्नाशीनंतर कसल्या आल्या स्पर्धा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. नुकतीच एका मास्टर्स गेम्समधे, म्हणजे ठराविक वयापुढच्यांसाठी असलेल्या स्पर्धेत, गोळाफेक आणि स्विमिंग असे दोन खेळ खेळून आले आणि आल्यापासून जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलेय.

आधी मुख्य गोष्ट, क्वालिफाय वगैरे काही व्हावं लागत नाही, वय बसलं आणि फी भरली की तुम्ही खेळाडू. १९८५ ला टोरांटोत सुरू झालेल्या वर्ल्ड मास्टर्स गेम्सलाही तसंच आहे. कमीत कमी वय खेळाप्रमाणे बदलतं, स्विमिंगला २५, अॅथलेटिक्सला (गोळाफेक यातच येते) बहुतेक ठिकाणी ३५, आणि पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट. आता यात वय कसं मोजतात ते नीट बघा हां, कारण माझा सुरुवातीला गोंधळच झाला. स्विमिंगला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला किती पूर्ण होणार ते धरतात, अॅथलेटिक्सला स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं. मी ५४ ची, वाढदिवस नोव्हेंबरात, म्हणजे गोळ्याला ५०-५४ मधे आणि पाण्यात ५५-५९ मधे!

कॉलेजात ४ किलोचा गोळा फेकायचे, इथे बायकांना पन्नाशीनंतर ३ किलोचा असतो. हातात घेतल्यावर वाटलं अगदीच हलका आहे, पण दुसऱ्या फेकीला खांदा बोलायला लागला तेव्हा पटलं की वजन विचार करून ठरवलेलं आहे. पंचाहत्तरीनंतर २ किलोचा. त्या गटातल्या एक आजी आमच्यानंतर आल्या, चष्मा काढून पंचांच्या हातात दिला, टॉवेलने गोळा पुसला, मानेशी टेकवला, ओठातल्या ओठात काहीतरी मोजलं आणि फेकला. मग वाकून टेपवरचा आकडा स्वतः वाचला, मागच्या वेळेपेक्षा ११ सेंटीमीटर जास्त. त्यांच्या गटात दोघीच होत्या, म्हणून मागे कोणीतरी म्हणालं की पदक काय मिळणारच. मला ते अजिबात आवडलं नाही. २०१७ ला ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समधे मन कौर १०१ व्या वर्षी १०० मीटर ७४ सेकंदात धावल्या, त्यांच्या गटात त्या एकट्याच होत्या, पण त्या वयाला स्टार्ट लाइनवर उभं राहायला काय लागतं ते ९३ व्या वर्षी पळायला सुरुवात केलेल्या त्या बाईंनाच विचारायला हवं होतं.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. फॉर्मने दोन्ही खेळ घेऊ दिले पण टाइमटेबल आलं तेव्हा एकाच सकाळी दोन्ही, मी ओल्या केसांनी मैदान गाठलं. रिझल्ट उशिरा लागत होते, ते ठीक, चालवून घेतलं. पण कॉलरूममधे, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना जिथे थांबवतात तिथे, खुर्च्याच नाहीत हे नाही चालवून घेता येत. वॉर्मअप करून आलेली सत्तरीची माणसं चाळीस मिनिटं उभी, तेवढ्यात अंग गार पडतं, गुडघे धरतात आणि मग थेट शर्यत, स्नायू दुखावणार नाही तर काय होणार? तरुणांच्या स्पर्धेचं नियोजन उचलून इथे लावलं की असं होतं. फिजिओचं टेबल मात्र उत्तम होतं, दिवसभर गर्दी, तरी कोणाला घाई करत नव्हते.

तर नाव नोंदवायच्या आधी तासाप्रमाणे टाइमटेबल मागा, वॉर्मअपची जागा स्पर्धेपासून किती लांब आहे ते विचारा, आणि दोनपेक्षा जास्त खेळ घेऊ नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा.

आयोजनाला ५ पैकी ३. अनुभवाला पूर्ण ५, आणि त्यातले निम्मे तरी स्विमिंगच्या रिलेचे. रिलेत चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो, आमची ५५, ६१, ४७ आणि ४१ म्हणजे २०४, गट २००-२३९. आदल्या दिवशीपर्यंत एकमेकांची नावंही माहीत नव्हती आणि शेवटच्या लॅपला आम्ही तिघं काठावर घसा फुटेपर्यंत ओरडत होतो. चौथे आलो. जपानमधल्या कान्साईच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्स २०२१ वरून पुढे ढकलल्या होत्या, त्या आता मे २०२७ ला आहेत, चौघांनी जायचं पक्कं केलंय, तोवर मी गोळ्यालाही ५५-५९ मधे गेलेली असेन.