दादरचा टेक शेअर्सचा क्लास: शनिवार वसूल, रविवारी जेवून निघा

मागच्या महिन्यात दादर पश्चिमेला रानडे रोडजवळच्या एका गल्लीत दोन दिवसांचा क्लास केला, विषय पडलेले टेक शेअर्स कसे तपासायचे, फी साडेतीन हजार. गेलो कारण २०२१ च्या आयपीओच्या (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) लाटेत एक शेअर घेऊन ठेवलाय (नाव नका विचारू, बायकोनेपण विचारायचं सोडलंय) आणि पडेल तसा आणखी घेऊन एव्हरेज करत बसलोय.

शनिवार एकदम पैसे वसूल. सरांनी चार्ट उघडलाच नाही, सरळ झोमॅटो घेतला. जुलै २०२१ ला ७६ रुपयांना आयपीओ, मग भाव दीडशेच्या वर, आणि वर्षभराने लॉक-इन (जुन्या गुंतवणूकदारांवरची विक्रीबंदी) सुटल्यावर चाळिशीत. "तेव्हा तुम्ही काय बघितलं असतं?" मागून एक जण म्हणाला सपोर्ट (चार्टवरची, भाव जिथे थांबेल अशी पातळी), सगळे हसले. सरांनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले, आयपीओतून कंपनीत आलेले ९००० कोटी आणि त्या आर्थिक वर्षातला साधारण १२०० कोटींचा तोटा. म्हणजे पैसे लगेच संपणार नव्हते, तोटा कमी होतोय का एवढंच दर तिमाहीला बघायचं होतं. पहिला नफा आला एप्रिल-जून २०२३ चा, फक्त २ कोटी, पण तोवर भाव तळापासून दुप्पट झालेला.

दुसरी गोष्ट ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना देऊ केलेले कंपनीचे शेअर. अ‍ॅडजस्टेड म्हणून जो नफा मिरवतात त्यात बरेचदा ईसॉपचा खर्च धरलेलाच नसतो, तो वजा करायचा आणि दरवर्षी शेअरची संख्या किती फुगली ते बघायचं. रात्री घरी येऊन माझ्या कंपनीचा रिपोर्ट उघडला, वजाबाकी केली, नफा गायब. झोपलो नाही नीट.

शेजारी गिरगावचे एक काका होते, २००० मध्ये केतन पारेख या शेअर दलालाच्या के-१० मध्ये (त्याचे लाडके दहा शेअर) अडकलेले, एका कंपनीची कागदी सर्टिफिकेटं अजून कपाटात. म्हणाले, "तेव्हा इन्फोसिसपण आपटला होता रे, पण तिथे ऑर्डरी येत होत्या. माझ्यावाल्याकडे नुसत्या बातम्या."

रविवारी जेवणानंतर मात्र सगळा सूरच बदलला, बारा हजारांचा प्रीमियम ग्रुप, रोज मल्टिबॅगर (कैक पटीने वाढणारा शेअर) वगैरे. मी सेबीचा (शेअर बाजाराची नियामक संस्था) रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर म्हणे प्रोसेसमध्ये आहे. सेबीच्या साइटवर रजिस्टर झालेल्यांची यादी असते, तिथल्या तिथे मोबाइलवर बघितली, नाव नाही. चहा पण न घेता निघालो.

एसीखाली बसू नका, गळतो. साडेतीन स्टार, त्यातला एक काकांचा.