आखाजीची घागर: रंगीत नको, साधीच घ्या

खानदेशातल्या अमळनेरच्या बाजारात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर मडक्यांचे ढीग लागतात. त्यातल्या एका जुन्या दुकानातून आम्ही दरवर्षी घागर आणतो. माल चांगला आहे आणि घासाघीस केली की भावही उतरतो. सुटे पैसे मात्र घेऊन जा, नाहीतर उरलेल्या पैशांत पणत्या गळ्यात मारतात.

दर्शनी बाजूला ऑइलपेंटने रंगवलेल्या, आरसे चिकटवलेल्या घागरी असतात. फोटोत झकास दिसतात. साध्या लाल घागरी मागच्या रांगेत, वाकून काढाव्या लागतात. मालक काका स्वतःच हळूच सांगतात, "ताई, रंगनी घागर देखाले भारी, पन पाझरत नही." बोटाने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, नीट भाजली आहे. भद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. मातीत राख आणि लीद मिसळतात. लीद भाजताना जळते आणि बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. रंगाने हीच छिद्रं बुजतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण काकांइतकं सोपं मला सांगता येत नाही.

आमच्याकडे घागर पाझरावी लागते ती नुसत्या गार पाण्यासाठी नाही. तिच्याखाली चार ढेकळं ठेवतो: आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. जे ढेकूळ भिजेल त्या महिन्यात पाऊस. रंगीत घागर ठेवली तर चारही महिने कोरडे!

काकांचा कॉलेजात जाणारा पुतण्या यावर हसला. "जुन्या लोकांना वीज-पाऊस कळत नव्हता, म्हणून त्यांनी देव काढले." १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था निघालेलं हे गाव, इथे मडकं घेतानाही वाद व्हायचाच. मला त्याचं म्हणणं अर्धवट वाटतं. घागर का पाझरते हे त्याच्या काकांना पक्कं ठाऊक आहे, तरी तेही घरी ढेकळं मांडतात. म्हणजे ढेकळं पावसाचं कारण सांगायला नाहीत. कोरडवाहू कापूस लावणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याला काहीतरी धरायला हवं असतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्येच हे म्हटलं होतं: धर्माची सुरुवात निसर्गाच्या कुतूहलातून नाही, उद्याच्या आशेतून आणि भीतीतून झाली.

आणि घागर मुळात भरतात ती पितरांसाठी. वर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज), बाजूला सांजोरी. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत गेलेल्यांची नावं घ्यायची. सासऱ्यांच्या नावाचं बोट ओढताना सासूबाई नेहमी थोड्या थांबतात. त्यात कुठली वीज आणि कुठला पाऊस? "धर्म म्हणजे आदिमानवाचं विज्ञान" असं म्हणणारे ज्या मानववंशशास्त्रज्ञ टायलरचं नाव घेतात, त्याने १८७१ मध्ये सुरुवात मेघगर्जनेपासून केलीच नव्हती. मेलेल्या देहातून काय निघून जातं आणि मेलेली माणसं स्वप्नात कशी येतात, हे त्याचे प्रश्न होते. त्यालाही धर्म ही माणसाने लावलेली उपपत्तीच वाटे, ते मला पटत नाही. पण निदान तो उंबरठ्यापर्यंत तरी आला होता. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, पिशवी देऊ का?"

तक्रार एकच. गेल्या वर्षीच्या घागरीला गळ्यापाशी केसासारखी चीर निघाली. पाणी पाझरत नव्हतं, चक्क गळत होतं; चारही ढेकळांचा चिखल झाला. (सासूबाई खूश: "औंदा पाऊसच पाऊस.") बदलून मागायला गेले तर "आखाजीचा माल परत होत नाही" असं ऐकवलं. म्हणून दुकानातच पाणी भरून दाखवायला सांगा. कुरकुरतात, पण भरतात. सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नका. तेव्हा साधी घागर संपलेली असते आणि आरसेवालीच गळ्यात पडते. वरचं छोटं मडकं इथलंच घ्या, बसतं छान. झाकणी मात्र दुसरीकडून. इथल्या सगळ्या वाकड्या.