घरातली चिलटं: व्हिनेगरची वाटी, गुळाचं पाणी की फवारा?

सांगली-मिरजेकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावची द्राक्षं घरात आली की पेटीच्या तळाशी सुटलेले, फुटलेले मणी राहतातच. त्यामागोमाग चिलटं येतात. मग शेजारीपाजारी प्रत्येक जण वेगळा उपाय सांगतो. त्यातला कुठला घ्यायचा हे ठरवायचं तर आधी चिलटाचा हिशेब बघा. मादी आंबत चाललेल्या फळावर अंडी घालते, तीही आयुष्यभरात शेकड्यांनी. साधारण एका दिवसात अळी बाहेर पडते आणि २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर सुमारे १० दिवसांत नवं चिलट उडायला लागतं. म्हणजे आज दिसतात तेवढी मारली तरी पुढची फळी तयारच असते.

हे ध्यानात घेतलं तर मला व्हिनेगरची वाटी सगळ्यांत पटते. वाटीत बोटभर सफरचंदाचं व्हिनेगर घ्यायचं आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकायचे. साधं पांढरं व्हिनेगरही चालतं, पण त्याला आंबलेल्या फळाचा वास नसतो, त्यामुळं चिलटं कमी येतात. लिक्विड मात्र विसरायचं नाही. ते नसेल तर चिलट पाण्यावर बसून पिऊन उडून जातं. लिक्विडमुळं पृष्ठताण मोडतो आणि ते बुडतं. दोन-तीन दिवसांनी वाटी बदलायची.

गुळाच्या पाण्यात पिकलेलं केळं कुस्करून ठेवलं तर खर्च जवळजवळ शून्य, आणि गूळ आपल्याकडं घरात असतोच. पण ते आंबून वास सुटायला एक-दोन दिवस जातात, मुंग्याही लागतात. मोठा धोका वेगळाच आहे. हा सापळा आठवडाभर तसाच राहिला तर केळ्याच्या गरात अळ्या पडतात आणि पुढं सापळ्यातूनच नवी चिलटं निघतात. दर दोन-तीन दिवसांनी आठवणीनं टाकून नवा करणार असाल तरच हा मार्ग धरा.

फवाऱ्यानं पाच मिनिटांत ओटा मोकळा होतो. पण मरतात ती फक्त उडणारी. फळाच्या गरातल्या अळ्यांना काही होत नाही. जिथं पोळ्या लाटायच्या, लेकरांचा डबा भरायचा, तिथं दर चार दिवसांनी विष मारणं मला अजिबात मान्य नाही.

कृषी सेवा केंद्रात मिळणारा फळमाशीचा सापळा घरात लावायचा विचार असेल तर पैसे वाचवा. त्यातलं मिथाइल युजेनॉल हे वासाचं रसायन आंब्या-पेरूच्या बागेतल्या मोठ्या फळमाशीच्या नरांना ओढतं. घरातलं चिलट वेगळ्या जातीचं, ते तिकडं फिरकत नाही.

वाटी ठेवूनही चिलटं मोरीपाशीच घोंगावत असतील तर रात्री मोरीच्या जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, बाजूनं थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीला किडे चिकटलेले दिसले तर उगम मोरीत आहे. त्यांचे पंख केसाळ, पतंगासारखे असतील तर त्या मोरीतल्या माशा, व्हिनेगरनं हटायच्या नाहीत. नुसतं गरम पाणी ओतून भागत नाही. पाइपच्या आतला चिकट थर ब्रशनं घासून काढावा लागतो.

वाटी ठेवाल त्याच दिवशी द्राक्षं निवडून, धुऊन, कोरडी करून फ्रिजमध्ये टाका. बाहेर राहणाऱ्या केळ्यांवर मलमलचं फडकं घाला. चिलट जेमतेम ३ मिलिमीटरचं, नेहमीच्या झाकणाच्या जाळीतून सहज आत जातं. कांदा-बटाट्याच्या टोपलीत तळाला एखादा सडका बटाटा आहे का बघा, ओला कचरा रोज रात्री बाहेर काढा आणि चिलटं दिसेनाशी झाली तरी वाटी दोन आठवडे उचलू नका.