सॅकच्या पट्ट्यावरची कॅमेरा क्लिप: सह्याद्रीत पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

डोंगरात जाणाऱ्या हौशी फोटोग्राफरला कॅमेरा कोणता, लेन्स कोणती याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: चालताना कॅमेरा ठेवायचा कुठे? सॅकमध्ये ठेवला तर तो मुक्कामापर्यंत बाहेर निघत नाही. गळ्यात अडकवला तर वाकलं की पुढे झुलतो आणि चढावर गुडघ्याला किंवा कातळाला लागतो. तिरपा अडकवला तर त्याचा पट्टा सॅकच्या पट्ट्यांत गुंततो आणि दर थांब्याला आधी कॅमेरा, मग सॅक असा क्रम पाळत बसावं लागतं. सॅकच्या खांदेपट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप यावर चांगला उपाय आहे, पण तिच्या मर्यादा विक्रीच्या पानावर कुणी लिहीत नाही. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत वापरल्यावर लक्षात आलेल्या गोष्टी इथे देतो. अशा रचनेच्या क्लिपा बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे हे सगळं साधारण त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

सोबतचं सामान असं: एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, १८-१३५ मिमीची एकच लेन्स, दोन्ही मिळून एक किलोच्या आत, आणि मुक्कामाची ४५-५० लिटरची सॅक.

क्लिपचे दोन भाग असतात. एक पट्ट्याच्या मागे, एक पुढे, आणि दोन स्क्रूंनी मध्ये पट्टा घट्ट दाबला जातो. कॅमेऱ्याच्या तळाला चौकोनी प्लेट बसते. ती वरून सरकवली की खट्‌ आवाज होतो आणि कॅमेरा अडकतो. काढताना बाजूचं बटण दाबून वर ओढायचा. तो खट्‌ आवाज ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही. धुक्यात, वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही, तेव्हा कॅमेरा एकदा वर ओढून पाहायचा.

पहिली अडचण बसवतानाच येते. आपल्याकडच्या अनेक सॅकच्या पट्ट्यांत जाड, फुगीर फोम असतो आणि क्लिपसोबतचे स्क्रू पलीकडे पोचत नाहीत. जबरदस्तीने पिळले तर दोन-तीनच आटे धरतात आणि काही तासांच्या चालीत सुटतात. अशा वेळी लांब स्क्रू वेगळे घ्यावे लागतात. जागा निवडताना छातीच्या आडव्या पट्ट्याच्या वर, कॉलरबोनच्या जरा खाली बसवा. खाली बसवली तर उंच पायरीवर पाय टाकताना लेन्सचा हूड (तोंडावरचं कडं) मांडीला लागतो. उजव्या हाताने कॅमेरा धरणाऱ्याने ती डाव्या पट्ट्यावर बसवावी, म्हणजे हात सरळ ग्रिपवर जातो. छातीचा आडवा पट्टा लावलेलाच हवा, नाहीतर कॅमेऱ्याच्या वजनाने डावा पट्टा बाहेरच्या बाजूला घसरतो आणि संध्याकाळपर्यंत मानेची एक बाजू दुखायला लागते. उजव्या पट्ट्यावर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली अडकवली की तोल बराच सांभाळला जातो. एक किलोच्या वर वजन गेलं, म्हणजे मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी आणि ७०-२०० मिमीसारखी जड लेन्स, तर ही व्यवस्था सोडून द्यावी. क्लिप तुटणार नाही, पट्ट्याची शिवण मात्र ताणते.

तळाची प्लेट १/४ इंची स्क्रूने बसते आणि सगळ्यात जास्त लक्ष तिच्याकडे द्यावं लागतं. दगडी पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाचा धक्का लेन्सच्या वजनामार्फत त्या एका स्क्रूवर येतो. प्लेट आधी केसभर फिरते, मग सैल होते, आणि कॅमेरा क्लिपमध्ये घट्ट असूनही प्लेटपासून सुटू शकतो. नाण्याने पिळून भागत नाही. षटकोनी किल्लीने पक्की करा आणि ती किल्ली सॅकच्या वरच्या कप्प्यातच ठेवा. दर मोठ्या थांब्याला बॉडी आणि प्लेट उलटसुलट पिळून पाहावी. जरा जरी हलली तरी पुन्हा आवळावी. स्क्रूला गोंद लावू नये: लहान कॅमेऱ्यांत हीच प्लेट बॅटरीच्या झाकणावर येते आणि बॅटरी बदलायला ती काढावीच लागते. खरेदीपूर्वी स्वतःच्या कॅमेऱ्याचा तळ पाहून घ्या. झाकण आणि स्क्रूचं भोक जवळजवळ असेल तर छोटी प्लेट मागवा.

शिवाय एक दुसरा आधार हवाच. कॅमेऱ्याच्या कडीतून बारीक दोरीचा फास काढून तो छोट्या कॅराबिनरने (स्प्रिंगच्या कडीने) सॅकच्या वरच्या लूपला अडकवावा. दोरी इतकीच लांब ठेवावी की कॅमेरा डोळ्याला लावता येईल, पण सुटला तर गुडघ्याच्या खाली जाणार नाही. धारेवरून चालताना या दोरीमुळे मन निश्चिंत राहतं.

आता सर्वांत महत्त्वाचं: क्लिप चालण्यासाठी आहे, चढाईसाठी नाही. हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबण्यांत असतात आणि छाती कातळाला लागते. तिथे कॅमेरा कातळ आणि छाती यांच्यामध्ये येतो, अंगाला कातळापासून बाहेर ढकलतो आणि खाली पाहिलं तर स्वतःचे पाय दिसत नाहीत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर हूड पायरीत अडकतो. अलंग आणि मदन या गडांवर दोराने चढायचे टप्पे आहेत, तिथे कॅमेरा बाहेर ठेवणं म्हणजे दोर, हार्नेस आणि पट्टा यांचा गुंता ओढवून घेणं. त्यामुळे टप्पा सुरू होण्याआधी, ऐसपैस जागा असतानाच थांबावं. कॅमेरा बंद करून झाकण लावावं, ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) घालून सॅकच्या अगदी वर ठेवावा आणि मगच कातळाला हात घालावा. दोन मिनिटं लागतात. मागे रांग असली तरी ती दोन मिनिटं घ्यावीत, कारण अर्ध्या टप्प्यावर सॅक उघडता येत नाही.

कारवीच्या दाटीतून किंवा करवंदाच्या जाळीतून जाताना वेगळाच त्रास होतो. क्लिपमध्ये कॅमेऱ्याचा तळ छातीकडे, लेन्स खाली आणि डायल असलेली वरची बाजू समोर असते. फांद्या थेट डायलवर घासतात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ किंवा गडद करण्याची) चकती फिरते आणि पुढचे फोटो दोन स्टॉप काळे येतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). ऑन-ऑफचा खटका ढकलला जाऊन बॅटरी संपते. कुलूप असलेली डायल असेल तर उत्तम. नसेल तर कॉम्पेन्सेशन मेनूतून दुसऱ्या बटणावर नेता येतं का पाहा. प्रत्येक वेळी कॅमेरा काढल्यावर पहिली नजर आकड्यांवर टाकायची सवय लावावी.

पावसाळ्यात याच मांडणीचा खरा कस लागतो. लेन्स खाली असल्याने पुढची काच कोरडी राहते, हे क्लिपचं मोठं सुख. पण मागचा स्क्रीन आभाळाकडे असतो. पाऊस सरळ व्ह्यूफाइंडरच्या रबरी कपात साचतो, बटणांच्या फटींत उतरतो, आणि उघडणारा स्क्रीन असेल तर त्याच्या बिजागरीत थांबतो. खालून तळाला घामाने भिजलेला शर्ट लागतो, म्हणजे बॅटरीच्या झाकणाला दिवसभर खारट ओल. ‘वेदर सील्ड’ लिहिलेल्या कॅमेऱ्यातही सील असतात ती रबरी पट्ट्यांची, आणि लेन्सच्या माउंटला रबरी कडं नसेल तर बॉडीच्या सीलचा निम्मा उपयोग जातो. रिमझिमीत चालून जातं. घाटमाथ्यावरचा आडवा पाऊस सुरू झाला की कॅमेरा सॅकमध्येच. सॅकचं रेन कव्हर क्लिपवरच्या कॅमेऱ्याला झाकत नाही आणि पाठीकडून पाणी सॅकमध्ये शिरतंच, त्यामुळे आत जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी लावून सगळं सामान त्यातच भरावं. मायक्रोफायबर कापड एकदा भिजलं की पाणी नुसतं पसरवतं. जुन्या मऊ सुती धोतराचे वितीएवढे तुकडे झिपच्या पिशवीत ठेवा, ते पाणी शोषतात. काच मात्र आधी फुंकणीने साफ करून मगच पुसावी.

पावसाहून जास्त नुकसान दमटपणा करतो. एसी गाडीतून पायथ्याला उतरून लगेच कॅमेरा काढला की थंड काचेवर बाष्प धरतं, कधी आतल्या भिंगांवरही. त्यासाठी गाडीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि उतरल्यावर अर्धा तास तसाच ठेवायचा. बाष्प पिशवीच्या बाहेर धरतं. भर पावसात लेन्स बदलू नये, म्हणूनच १८-१३५ची एकच लेन्स. तिची धार प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सइतकी नाही, पण जुलैमध्ये सेन्सर कोरडा राहणं जास्त मोलाचं.

घरी आल्यावरचं काम तेवढंच गरजेचं. ओलसर कॅमेरा बॅगेत तसाच राहिला तर भिंगांवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, आणि उशीर झाला तर काचेवरचा थर खाल्ला जातो. गोडं पाणी लावून पिळलेल्या कापडाने घामाचे मीठ पुसावे, बॅटरी आणि कार्ड काढून झाकणं उघडी ठेवावीत, पंख्याखाली काही तास वाळवावं. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि शंभर-दीडशे रुपयांचं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा; ६०च्या वर जाऊन राहिला तर बुरशीला वाव मिळतो, आणि ३०च्या खाली रबर-ग्रीस सुकतं. सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, पिठाची भुकटी फटींत जाते.

क्लिपची स्वतःची निगा सोपी आहे. मुरमाची धूळ बटणाच्या स्प्रिंगमध्ये बसून बटण अर्धवट दाबलेलं राहतं, म्हणजे कुलूप पूर्ण लागत नाही. साध्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासून वाळवावी. तेल घालू नये, त्यावर धूळ आणखी चिकटते.

कॅमेरा हाताशी राहिल्याने फोटोंत काय फरक पडतो, ते धुक्यात कळतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतलं धुकं फाटून काही सेकंदच खालचं कोकण दिसतं; सॅक उघडेपर्यंत ते मिटतं. इंद्रवज्रही (धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणारं रंगीत कडं) तसंच: सूर्य पाठीमागे, समोर दरीत धुकं आणि आपली सावली त्यावर पडायला हवी. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या धुक्याला राखाडी करतो, म्हणून +०.७ ते +१ कॉम्पेन्सेशन द्यावं. ऑटोफोकस सपाट धुक्यात चाचपडत राहतो. कड्याच्या कडेवर किंवा झाडाच्या खोडावर फोकस पकडावा आणि तो मागच्या बटणावर नेऊन शटरच्या बटणापासून वेगळा ठेवावा. धबधब्यांसाठी सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) पुरतो: १/६० सेकंदाचं एक सेकंद होतं.

त्यासाठी ट्रायपॉड लागतो आणि क्लिपची प्लेट इथे उपयोगी पडते. ती आर्का पद्धतीची (खाचेत सरकवून आवळायची) असेल तर सरळ ट्रायपॉडच्या डोक्यात बसते. पण सगळ्या प्लेटा सगळ्या डोक्यांत घट्ट बसत नाहीत. स्क्रूऐवजी खटक्याने बंद होणारं डोकं असेल तर आधी दुकानात लावून पाहा. कड्यावरच्या वाऱ्यात मधला दांडा वर काढू नये. खाली सॅक टांगायची तर ती जमिनीला टेकलेली असावी, अधांतरी सॅक झोके घेते आणि थरथर वाढवते.

उन्हाळ्यात आकाशगंगेसाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. आपल्याकडे तिचा तेजस्वी मध्यभाग मार्चच्या सुरुवातीला पहाटे अडीचच्या सुमारास, एप्रिलच्या सुरुवातीला साडेबाराला आणि मेच्या सुरुवातीला रात्री साडेदहाला आग्नेयेला उगवतो. क्षितिजावरच्या धुरकटपणातून वर यायला आणखी तास-दोन तास द्यावेत. एपीएस-सीवर १८ मिमीला ५०० भागिले २७ (१८ गुणिले दीड), म्हणजे १८ सेकंदांच्या आत एक्सपोजर, नाहीतर तारे लांबट येतात. इथे ही लेन्स कमी पडते. तिचं छिद्र एफ/३.५ला उघडतं आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४००पर्यंत न्यावा लागतो. रात्रीच्या फोटोंचीच आवड असेल तर एफ/२ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची वाइड प्राइम वेगळी घ्या. कोरड्या ऋतूत ती बदलायला हरकत नाही.

हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्यांसाठी एवढंच की क्लिपवरचा कॅमेरा दिवसभर थंडीत राहतो आणि बॅटरी लवकर मान टाकते. जादा दोन बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून अदलाबदल करावी. गरम झाल्यावर ‘संपलेली’ बॅटरी पुन्हा काही फोटो देते. जाड हातमोज्यांनी क्लिपचं बटण दाबता येतं का, हे घरीच तपासून जा. बटण छोटं आणि खोलगट असेल तर येत नाही.

घेताना स्वतःची भरलेली सॅक आणि कॅमेरा घेऊनच दुकानात जा. क्लिप पट्ट्यावर बसवून, कॅमेरा लावून, दुकानाचा जिना दोन-तीनदा चढून उतरून पाहा. मांडीला हूड लागतो का, छातीचा पट्टा बंद होतो का आणि स्क्रूचे निदान पाच-सहा आटे आत जातात का, एवढं तिथेच कळतं. ऑनलाइन मागवत असाल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हीच चाचणी घरच्या जिन्यावर करा.